भारंगी : पान घ्या, मूळ राखा

जून अर्धा उलटला की डहाणू, कासा, तलासरी, उधवा या भागातल्या बाजारांत रानभाज्यांचे वाटे दिसू लागतात. पहिला मान शेवळाचा. मागोमाग कुळी, टाकळा, लोत, बांबूचे कोंब येतात. याच वाट्यांमध्ये दातेरी कडांच्या, हाताला जाडसर लागणाऱ्या हिरव्या पानांची जुडी असते. ती भारंगी. श्रावण लागला की तिच्या निळसर-जांभळ्या फुलांचेही वाटे लागतात. पान आणि फूल भाजीला, मूळ औषधाला, आणि एकदा रुजलेले झाड वर्षानुवर्षे त्याच जागी नव्याने फुटणारे, अशी ही बहुगुणी वनस्पती आहे.

बाजारात येणारी भारंगी मुख्यतः रानातूनच येते. रानावरचा ताण मात्र वाढतो आहे. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतून मालवाहू रेल्वेचा स्वतंत्र मार्ग गेला, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग आणि बुलेट ट्रेनची कामे निघाली, आणि वाढवण बंदराची पायाभरणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये झाली. माळ आणि झुडपी रान आक्रसत असताना तिथली भाजी कुठे जाणार, हा प्रश्न उभा राहतो. ती बांधावर, परसात, वाडीच्या कडेला आणता येईल का? आणायची तर पानासाठी की मुळासाठी? आणि तिचा फायदा कुणाच्या घरी जाईल? या तिन्ही प्रश्नांचा एकत्र विचार केल्याशिवाय कोणतीही लागवड योजना हाती घेऊ नये. माझे उत्तर आधीच सांगतो: भारंगी लावावी, ती पानाफुलांसाठी लावावी, आणि जे हात आजवर ती खुडत आले त्यांच्याच बांधावर लावावी.

तुळस, पुदिना आणि साग यांचे कुळ

थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात भारंगी सागाबरोबर व्हर्बिनेसी कुळात आहे. पुढे जवळजवळ शतकभर ती तिथेच राहिली. १९९० च्या दशकात फुलांची रचना आणि जनुकीय पुरावे नव्याने तपासले गेले, तेव्हा या जुन्या कुळातल्या बऱ्याच वनस्पती लॅमिएसी, म्हणजे पुदिना आणि तुळशीच्या कुळात आल्या. भारंगीचीही प्रजाती बदलली. १९९८ मध्ये स्टीन आणि मॅबर्ली या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला क्लेरोडेंड्रममधून काढून रोथेका प्रजातीत घातले. तेव्हापासून तिचे शास्त्रीय नाव रोथेका सेराटा.

या नव्या मांडणीने डहाणू-तलासरीच्या रानाकडे पाहिले की पुदिन्याचे कुळ इथे सगळीकडे पसरलेले दिसते. वनखात्याचा साग याच कुळातला. शिवण, निर्गुडी, भारंगी त्यातलीच. खाडीकाठच्या कुंपणातली कोयनेल त्यातली. दारातली तुळस, वाडीत पाटाकडेला पसरलेला पुदिना आणि डब्यात लावलेला पानओवा हेही त्यातलेच. भारंगीची कोवळी फांदी बोटांत धरून फिरवली तर तिच्या चार बोथट कडा जाणवतात. पुदिन्याच्या काडीवर याच कडा अधिक ठसठशीत असतात.

झाड आणि त्याचे वर्ष

भारंगी हे कमरेएवढे, कधी डोक्यापर्यंत वाढणारे झुडूप आहे. पाने समोरासमोर किंवा तीन-तीनच्या फेऱ्यात येतात, देठ जवळजवळ नसतोच. पान लांबट, वीतभर होऊ शकणारे, कडेला करवतीसारखे दाते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात शेंड्याला फुलांचा मोठा तुरा येतो. फुलाच्या पाच पाकळ्यांपैकी चार फिकट निळ्या, जवळजवळ पांढरट, आणि खालची पाचवी गर्द निळी-जांभळी. त्यातून चार लांब केसर कमानीसारखे वाकून बाहेर येतात. नंतर धरणारी फळे पिकली की काळपट जांभळी होतात. भारंगीची एक आफ्रिकी बहीण, रोथेका मायरिकॉइडिस, निळ्या फुलपाखरासारख्या फुलांसाठी शहरांतल्या रोपवाटिकांत हौसेने विकली जाते. आपल्या माळावरची भारंगी दिसायला तिच्याहून उणी नाही, पण तिचे रोप विकत मिळणे कठीण.

तिचे वर्षाचे चक्र समजून घेणे सर्वांत महत्त्वाचे आहे. पाऊस संपून थंडी सरली की वरचा भाग सुकत जातो. जमिनीखालचे लाकडी मूळखोड मात्र जिवंत राहते. मे महिन्यात त्या जागी वाळक्या काड्यांखेरीज काही दिसत नाही. पहिल्या दोन-चार सरी पडल्या की तिथूनच लालसर-हिरवे कोंब वर येतात आणि आषाढात खुडण्याजोगी पाने होतात.

हे चक्र डहाणू-तलासरीतल्या आदिवासी कुटुंबांच्या वर्षाशी जुळणारे आहे. इथले वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी समाज मुख्यतः पावसावरच्या भातशेतीवर जगतात. भात कापून झाला की अनेक घरे कामासाठी बाहेर पडतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी मच्छीमार बोटींवर, कुणी उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत जातात. पाऊस तोंडावर आला की ती भाताच्या राबासाठी आणि आवणीसाठी परततात. नोव्हेंबर ते मे या काळात रोज पाणी मागणारे पीक अशा घराला झेपत नाही. भारंगीला त्या काळात पाण्याची गरजच नसते. घर परत येते तेव्हा ती फुटायला लागते. आणि नेमक्या जुलै-ऑगस्टमध्ये, कणगी रिकामी होत आलेली आणि नवे भात अजून दूर असताना, ती ताटात येते. एखादे पीक इथे शोभेल का, हे ठरवताना जमीन आणि पाऊस जितके पाहावे लागतात तितकेच माणसांचे वेळापत्रकही पाहावे लागते. त्या कसोटीवर भारंगी खरी उतरते.

ताटातली भारंगी

भारंगीची पाने कडू असतात, आणि करणाऱ्याचे कसब हा कडूपणा आटोक्यात ठेवण्यात असते. शेंड्याकडची कोवळी पानेच घ्यायची. जून पान चिवट लागते आणि शिजून मऊ होत नाही. पाने धुऊन बारीक चिरायची, मिठाच्या पाण्यात उकळायची, आणि निवल्यावर मुठीत धरून घट्ट पिळायची. पाणी हिरवे-तपकिरी निघते. ते टाकून द्यायचे. मूठ उघडली की पानांचा गच्च मुटका हातात राहतो, तो बोटांनी मोकळा करायचा. मग तेलावर ठेचलेला लसूण, कांदा, मिरची, भिजवलेली चणाडाळ किंवा सोललेले वाल, आणि त्यावर ही भाजी. वाल जवळजवळ शिजले की भाजी घालावी, म्हणजे पान जास्त वेळ आचेवर राहत नाही. घरात ओले खोबरे असेल तर वरून घालतात. सोबत तांदळाची किंवा नागलीची भाकर.

पिळणे सोडले तर भाजी कडूजहर होते. फार उकळून फार पिळले तर चवही जाते आणि पाण्यात उतरणारे गुणही जातात. जाणत्या बायका कडूपणाचा एक हलका धागा राहू देतात, आणि भारंगीची खरी चव त्यातच असते.

फुलांची भाजीही अशीच. तुऱ्यावरून फुले आणि कळ्या काढून, देठ टाकून, मिठाच्या पाण्यात एक उकळी देऊन पिळतात. त्यात मूग किंवा वाल, कांदा आणि लाल तिखट. फुले पानांपेक्षा नाजूक, त्यामुळे ती पटकन होतात. इथे एक जपायची गोष्ट आहे. सगळेच तुरे खुडले तर बी धरत नाही. जिथे भारंगी रानातून कमी झालेली दिसते, तिथे निदान निम्मे तुरे झाडावर सोडायचा नियम गावाने स्वतःच करायला हवा.

ओळखीचीही काळजी घ्यावी. भारंगीच्या जवळच्या नात्यातली भांडीर कोकणात आढळते. तिची पाने रुंद, हृदयाच्या आकाराची, उग्र वासाची आणि लांब देठाची असतात. भारंगीचे पान लांबट, जवळजवळ बिनदेठाचे आणि ठळक दातेरी. रानभाजी ओळखता येत नसेल तर ती जाणत्या माणसाकडूनच घ्यावी.

मुळाचा बाजार

आयुर्वेदात भारंगीचे मूळ फार जुने आहे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश निघंटूत ‘भार्ङ्गी’ आहे, आणि श्वास, कास, ज्वर यांवरच्या काढ्यांत ती येते. दमा-खोकल्यावर भारंगमूळ उगाळून किंवा काढा करून देण्याची रीत ग्रामीण भागात आजही आहे. मुळातल्या घटकांवर प्रयोगशाळेत आणि प्राण्यांवर बरेच काम झाले आहे. त्यावरून दम्यावर खात्रीचे औषध सापडले असे म्हणता येत नाही. भारंगीची भाजी खाणे आणि भारंगमुळाचे औषध घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाजी निर्धास्त खावी, मुळाचा काढा मात्र वैद्याच्या सल्ल्यानेच घ्यावा.

मुळाच्या व्यापारात दोन अडचणी आहेत. पहिली भेसळीची. देशाच्या वेगवेगळ्या भागांत ‘भारंगी’ या नावाखाली वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. बंगालकडे क्लेरोडेंड्रम इंडिकम, इतर काही ठिकाणी प्रेम्ना हर्बेशिया. वाळलेल्या मुळाच्या तुकड्यांवरून खरे-खोटे ओळखणे सामान्य गिऱ्हाइकाला शक्य नसते. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मूळ काढले की झाड संपते. पान खुडले की पुन्हा फुटते, फूल खुडले की पुढच्या वर्षी पुन्हा येते, पण खणलेले मूळखोड परत येत नाही. रानातून मूळ विकणे म्हणजे दर वर्षी मिळणारी भाजी एकदाच मिळणाऱ्या पैशांत विकून टाकणे.

आधीच्या दोन पिकांचा धडा

हे संकट महाराष्ट्राने आधी पाहिले आहे. पावसाच्या सुरुवातीला येणारी कुळी किंवा फोडशीची भाजी म्हणजे सफेद मुसळीच्या गटातल्या वनस्पतींची पाने. त्यातल्या क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम या जातीला नावच बोरिवलीवरून मिळाले आहे. तिथल्या रानात ती नोंदवली गेली. हिच्या पानांची भाजी आणि कंदांचे औषध. कंदाला भाव आला तेव्हा रानेच्या राने खणली गेली. मग लागवडीची लाट आली, भरमसाट दराच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, महागडे बियाणे विकले गेले, आणि माल निघाल्यावर अनेक शेतकऱ्यांना घेणारा सापडेना. पानाची भाजी मात्र तेव्हाही विकली जात होती, आजही जाते.

दुसरे उदाहरण पुदिन्याच्याच कुळातले. माईनमूळ, म्हणजे कोलियस फोर्सकोहली. गुजरातेत याच्या गाठीदार मुळांचे लोणचे घालतात, तिथे त्याला गरमर म्हणतात. सीमेलगतच्या तलासरीला ही चव परकी नाही. १९७० च्या दशकात मुंबईच्या मुलुंडमधल्या हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात याच मुळातून फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. पेशींच्या आतला संदेश वाढवणारे हे द्रव्य जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाऊ लागले. मागणी आली तसा रानातला उपसा वाढला, आणि नंतर कर्नाटक, तामिळनाडूत खरेदीदारांशी करार करून शेती सुरू झाली. लोणच्याचा बाजार लहान होता, पण तो घराच्या हातात होता. अर्काचा बाजार मोठा, पण त्याची नाडी दूरच्या कंपनीच्या हातात.

या दोन्हींतून निघणारा धडा भारंगीला तंतोतंत लागू पडतो. खाण्याचा उपयोग स्थिर असतो, जवळचा असतो आणि दर वर्षी येतो. औषधी मुळाचा बाजार एकदम चढतो, एकदम पडतो, आणि चढला तरी पहिला घाव झाडावरच पडतो. म्हणून लागवडीचा पाया पान असावे. मूळ विकायचेच असेल तर ते लावलेल्या, जुन्या झालेल्या, बदलायच्या झाडांचे असावे, रानातल्या झाडांचे कधीच नसावे.

शहापूरच्या तरुणांनी गुळवेल औषध कंपन्यांना पुरवण्याचे काम उभे केले, त्याचे देशभर कौतुक झाले. गुळवेलीचे खोड कापले तरी वेल पुन्हा वाढते. भारंगमुळाला ती सोय नाही, हा फरक योजना आखणाऱ्यांनी विसरू नये.

लावायची कशी

भारंगी बियांपासून, फांदीच्या कलमांपासून आणि जुन्या गड्ड्याच्या फुटव्यांपासून वाढवता येते. बियांची उगवण कमी आणि रेंगाळत होते, त्यामुळे बीवरच विसंबू नये. फळे काळपट झाली की गोळा करून, गर चोळून काढून, बिया सावलीत सुकवाव्यात. मेअखेरीस माती, वाळू आणि कुजलेले शेणखत भरलेल्या पिशव्यांत पेराव्यात. एका पिशवीत दोन-तीन बिया घातल्या म्हणजे पिशवी रिकामी राहत नाही.

फांद्यांची कलमे पावसाच्या सुरुवातीला करावीत. फार कोवळी नाही आणि फार लाकूड झालेलीही नाही अशी, दोन-तीन डोळ्यांची काडी घ्यावी. वरची पाने निम्मी कापावीत, खालचा डोळा मातीत जाईल अशी काडी रोवावी आणि सावलीत ओल टिकवावी. फुटवे मिळत असतील तर सर्वांत सोपे: जुन्या झाडाच्या बाजूने निघालेला मुळासकटचा फुटवा अलगद वेगळा करून संततधार पावसात लावायचा. त्यासाठी रानातले झाड उपटू नये. पहिली रोपे मिळवायला रानातल्या काड्या पुरतात.

लावताना दोन हातांचे अंतर ठेवावे. खड्ड्यात शेणखत घातले की पुरे. पाणी साचणारी जागा टाळावी, म्हणजे भातखाचराच्या तळात लावू नये, बांधाच्या उतारावर लावावी. पहिल्या वर्षी पाने खुडू नयेत, मूळ बसू द्यावे. पहिल्या उन्हाळ्यात बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि शक्य असेल तर अधूनमधून पाणी घालावे. दुसऱ्या पावसाळ्यापासून शेंडे खुडायला सुरुवात करावी. शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात आणि कोवळे पान अधिक दिवस मिळते.

कुठे लावायची

डहाणू आणि तलासरीचे तीन वेगळे पट्टे मानावे लागतात.

पहिला किनारपट्टीचा: नरपड, घोलवड, बोर्डी, झाई. इथे चिकूच्या जुन्या वाड्या आहेत, पंपाचे पाणी आहे आणि डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. चिकूच्या दाट छायेत भारंगी नीट वाढणार नाही, तिला अर्धी सावली, अर्धे ऊन लागते. म्हणून वाडीच्या कडा, कुंपणाची आतली बाजू आणि जुनी झाडे काढून मोकळी झालेली जागा तिच्यासाठी घ्यावी. वाडीतल्या मजूर कुटुंबांना त्या कडेची भाजी खुडण्याचा हक्क वाडीमालकाने तोंडी का होईना, पण स्पष्टपणे द्यावा.

दुसरा पट्टा मधला: वाणगाव, आशागड, गंजाड, चारोटी, कासा आणि तलासरीचा महामार्गालगतचा भाग. इथे भात, मिरची, भाजीपाला आणि काही ठिकाणी सूर्या कालव्याचे पाणी आहे. इथे भारंगीची जागा बांध आणि परस. नव्या आंबा-काजूच्या वाडीत कलमांची सावली दाट होईपर्यंतची पहिली काही वर्षे ओळींमधली जागा रिकामी असते, तिथेही ती बसते. दक्षिण गुजरातच्या वांसदा भागात बाएफ संस्थेने १९८० च्या दशकात आदिवासी कुटुंबांसोबत वाडीचा प्रयोग सुरू केला, आणि पुढे तो जव्हारकडेही आला. जव्हार-विक्रमगडात मोगऱ्याची छोटी लागवड घरात रोख पैसा आणते, हे पालघर जिल्ह्याला माहीत आहे. छोटी जागा, घरच्या बाईच्या हातचे काम आणि रोज थोडे थोडे उत्पन्न, हे मोगऱ्याचे गणित भारंगीला हंगामापुरते लागू होऊ शकते.

तिसरा पट्टा डोंगराकडचा: सायवन, दाभोण, तलासरीतली उपलाटकडची गावे, वरकस आणि मुरमाड जमिनी, वनहक्काचे पट्टे. भारंगीचे खरे घर इथेच. इथे नवे पीक म्हणून काही करावे लागत नाही. उतारावरच्या समतल चरांच्या कडेला, पट्ट्याच्या हद्दीवर ती लावली तरी पुरे. मूळखोड जमिनीत राहत असल्याने उतारावरची माती धरून ठेवायलाही तिची मदत होते.

कुळातली बाकीची भावंडे

पुदिना आणि पानओवा यांची तुलना केल्याशिवाय भारंगीचे मोल कळत नाही. पुदिन्याची मुळे उथळ, त्याला सतत ओल लागते आणि धावत्या फांद्यांनी तो पसरतो. किनाऱ्यावरच्या पारशी-इराणी घरांत पुदिना आणि गवती चहा घातलेला चहा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि वाडीच्या पाटालगत पुदिन्याची एखादी सरी असतेच. ही त्याची योग्य जागा. मोरीचे पाणी जाते तिथेही तो छान येतो. पावसाळ्यात मात्र कोकणच्या संततधारेत पान कुजते, तेव्हा तो उंच वाफ्यात किंवा आडोशाला ठेवावा.

मेंथॉलच्या पुदिन्याची, म्हणजे जपानी मिंटची, तेलासाठी शेती मोठ्या प्रमाणावर उत्तर प्रदेशात बाराबंकी, संभल, रामपूर या भागांत होते. लखनौच्या सीमॅप संस्थेने कोसी, सिम क्रांती यांसारखे वाण तिथल्या शेतकऱ्यांना दिले. त्या शेतीला सपाट बागायती जमीन, उन्हाळी पाणी आणि गावोगावी तेल काढायच्या टाक्या लागतात. शिवाय कारखान्यात बनणाऱ्या कृत्रिम मेंथॉलशी तिला टक्कर द्यावी लागते. डहाणू-तलासरीने त्या वाटेला जाऊ नये. इथल्या पुदिन्याने ताज्या जुडीवर समाधान मानावे.

पानओवा हा डोंगरपट्ट्यातल्या घरांसाठी उत्तम. जाड, रसाळ पानांत पाणी साठते, त्यामुळे फुटक्या मडक्यात, जुन्या डब्यातही तो तगतो. काडी रोवली की रुजतो. पानाची भजी होतात, आणि लहान मुलाला सर्दी झाली की पान गरम करून रस देतात. तुळस तर घरोघरी आहेच. पुदिना पाण्याच्या घरी, पानओवा डब्यात, भारंगी बांधावर: या कुळाची अशी वाटणी करून लावले तर एकाही पिकाला त्याच्या स्वभावाविरुद्ध राबवावे लागणार नाही.

विक्री आणि हक्क

भारंगीचा बाजार दोन ठिकाणी आहे. एक आठवडे बाजार आणि रस्त्याकडेचा, दुसरा रेल्वेचा. २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत आल्या आणि पालघर जिल्ह्यातल्या बायकांना सकाळी भाजी घेऊन विरार, बोरिवली, दादरपर्यंत जाणे सोपे झाले. पान नाजूक असल्याने ते त्याच दिवशी विकावे लागते. ओल्या फडक्यात किंवा सागाच्या पानात गुंडाळलेली जुडी जास्त वेळ टवटवीत राहते. शहरातले गिऱ्हाईक बहुतेक वेळा भाजी कशी करायची हे न कळल्याने मागे फिरते. जुडीसोबत ‘चिरा, उकळा, पिळा, डाळीत घाला’ एवढे चार शब्द छापलेली चिठ्ठी दिली तरी विक्रीत फरक पडेल. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो. तिथे भाज्या मांडण्याबरोबरच रोपेही विकायला ठेवावीत, म्हणजे महोत्सव संपल्यावर काहीतरी मागे उरेल.

हक्काची बाजू भक्कम आहे. हे दोन्ही तालुके पूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी गौण वनोपजावर गावसमाजाची मालकी मान्य केली आहे. मुळे, कंद, औषधी वनस्पती त्यात येतात. म्हणून भारंगमूळ रानातून काढू द्यायचे की नाही, हे ठरवण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे. प्रत्येक ग्रामसभेने आपल्या जैवविविधता नोंदवहीत भारंगी कुठे आहे, किती दाट आहे आणि पूर्वी कुठे होती, हे पाड्यातल्या बायकांना विचारून लिहून ठेवावे. उद्या कुणी व्यापारी मुळांसाठी आला तर बोलायला हाती कागद असेल. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि तिथल्या उद्योगांवर मर्यादा आल्या. अशा तालुक्यात शेती आणि रानावर आधारलेल्या छोट्या उत्पन्नांना कुणी किरकोळ म्हणू नये.

कामाची वाटणी

सुरुवात शाळा आणि अंगणवाडीपासून करता येईल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर आणले. गुरे राखणाऱ्या मुलांपर्यंत शाळा नेणारी कुरणशाळा तिथेच घडली. ज्या मुलांना माळावरची प्रत्येक भाजी ओळखता येते, त्यांचे हे ज्ञान वर्गात आणण्याची परंपरा या भूमीची आहे. आश्रमशाळांच्या परसबागेत भारंगीची एक रांग, पानओव्याची एक रांग आणि मोरीच्या पाण्यावर पुदिना लावणे फार खर्चाचे नाही. गरोदर आणि स्तनदा मातांसाठी २०१५ पासून चालणाऱ्या अमृत आहार योजनेच्या ताटात पावसाळ्याचे दोन महिने ही भाजी आठवड्यातून एकदा येऊ शकते. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना ती कशी करायची हे शिकवावे लागणार नाही.

कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राने आणि वनखात्याच्या रोपवाटिकांनी भारंगीची रोपे तयार करून ती सागाच्या रोपांइतकीच सहज मिळतील असे पाहावे. रोपे स्थानिक झाडांच्या काड्यांपासून केलेली असावीत. बाहेरून ‘भारंगी’ म्हणून आलेली दुसरीच जात शिरकाव करणार नाही, याची खात्री त्यामुळे राहील. डहाणूच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने बचत गटांना रोपवाटिकेचे काम द्यावे, म्हणजे रोपाचा पैसाही पाड्यातच राहील. आणि मुळाच्या खरेदीची हमी देणारी कोणतीही योजना आली, तर मूळ कुठल्या बांधावरून येणार, हा पहिला प्रश्न ग्रामसभेने विचारावा.

या सगळ्यासाठी मोठ्या निधीची वाट पाहायची गरज नाही. येत्या मृगात एका घराने आपल्या बांधावर दहा काड्या रोवल्या, शेजारच्या घराला त्यातले फुटवे दिले, आणि दोन्ही घरांनी मुळाला हात न लावण्याचे ठरवले, तर तिसऱ्या पावसाळ्यात त्या दोन्ही घरांच्या ताटात घरची भारंगी असेल आणि रानातली रानात राहील.